नव्वद किलोमीटरचा निरोप, व्हाया टेनेसी

विंटर फील्ड डेच्या रात्री आमच्या स्टेशनवरून कॅलिफोर्निया लागत होतं, फ्लोरिडा लागत होतं, ओंटारिओ तर इतकं खणखणीत की आवाज कमी करावा लागला, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला होता ते नव्वद किलोमीटरवरचे आमचेच लोक काही केल्या लागेनात. प्रकरण एवढंच आहे. पण ते का झालं आणि त्यातून वाट कशी निघाली हे नीट लिहून ठेवायला हवं, कारण आपल्याकडे लायसन्स काढून मग थंड मुलखात आलेल्या कुठल्याही मराठी हॅमला हा झटका एकदा बसणारच असं माझं मत आहे.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, लायसन्स आणि कॉलसाइन (स्टेशनची ठरवून दिलेली ओळख) घेऊन हौसेखातर चालवायचा वायरलेस. भारतात हे काम दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसीकडे, अमेरिकेत एफसीसीकडे, आणि इथे परीक्षेला नागरिकत्वाची अट नाही त्यामुळे नोकरीसाठी आलेला कोणीही देऊ शकतो. फील्ड डे म्हणजे घरची वीज, घरचा अँटेना सगळं सोडून मोकळ्या रानात जायचं, बॅटरी किंवा जनरेटरवर स्टेशन उभं करायचं आणि जमेल तितक्या लोकांशी संपर्क करायचा. अमेरिकन रेडिओ रिले लीग हे १९३३ पासून जून महिन्यात भरवते, तेव्हा हवा मस्त असते, निम्मं लक्ष बार्बेक्यूकडे असतं. विंटर फील्ड डे हे त्याचं हिवाळी भावंड, २००७ मध्ये सुरू झालं, जानेवारीतल्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असतं.

जानेवारीतच का, असं इथलेही लोक विचारतात. त्याला उत्तर १९९८ च्या जानेवारीचं आहे. क्युबेक, ओंटारिओ आणि अमेरिकेचा ईशान्य कोपरा या पट्ट्यात दिवसच्या दिवस गोठणारा पाऊस पडत राहिला, तारांवर बर्फाचे जाड थर चढले, हाय टेन्शनचे मनोरे वाकून आडवे झाले आणि लाखो घरं ऐन कडाक्यात विजेशिवाय, काही ठिकाणी तर कित्येक आठवडे. आपल्याकडे भुजचा भूकंपसुद्धा २६ जानेवारीचाच, २००१, सकाळी ८:४६ चा, आणि टेलिफोन बंद पडल्यावर तिथेही हॅम मंडळी सेट घेऊन पोचली होती. संकट काही जूनचा वीकेंड बघून येत नाही.

आता मांडणी. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या पश्चिमेला एका सरोवराकाठच्या पार्कात आमचा तंबू, आणि क्लबचीच दुसरी टीम सेंट क्लाउडच्या बाजूला, अंतर अंदाजे नव्वद किलोमीटर. एरवी एवढ्या अंतराला कोणी विचारही करत नाही, व्हीएचएफचा हँडसेट घ्यायचा, उंचावरचा रिपीटर (आलेला सिग्नल जोरात पुढे पाठवणारं यंत्र) पकडायचा आणि बोलायचं. पण सरावाची कल्पनाच अशी होती की रिपीटरचा टॉवर बर्फाने पडलाय, मोबाइल बंद, इंटरनेट बंद, तेव्हा जे काही करायचं ते एचएफवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर. दर दोन तासांनी, सम आकड्याच्या ठोक्याला, दोन्ही टीमनी एकमेकांना पंचवीस शब्दांचा एक निरोप द्यायचा आणि घ्यायचा. मधल्या वेळात फील्ड डेचे कॉन्टॅक्ट करून पॉइंट जमवायचे. रेडिओ एकच, शंभर वॅटचा. अँटेना एकच, चाळीस मीटर बँडचा (म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा) डायपोल, म्हणजे साधारण वीस मीटर तार मधोमध कापून केबलला जोडलेली, दोन झाडांमध्ये छान उंच ताणलेली. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, शंभर अँपिअर-अवरची.

आमचे टीम लीडर म्हणजे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, जन्मभर वीज कंपनीत लाइनमन म्हणून खांबांवर चढलेले. त्यांना सगळे नावानेच हाक मारतात, इथे तशीच पद्धत, पण मी मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणते. दुसरा एक तरुण, कॉन्टेस्टचा किडा, पॉइंट सोडून त्याला काही दिसत नाही. आणि सांगलीची एक पोरगी, इथे पीएचडी करतेय, लायसन्स नवं कोरं, लॉगिंगचा लॅपटॉप तिच्याकडे.

दुपारचे दोन आणि चारचे निरोप आरामात गेले. फ्रिक्वेन्सी ठरलेली होती, ७.२४० मेगाहर्ट्झ. दोनला तर सिग्नल इतका जोरात की निरोप घेताना कोणी पेन्सिलही थांबवली नाही. हो, पेन्सिलच, कारण बॉलपेनची शाई या थंडीत गोठते आणि कागदावर नुसते ओरखडे उमटतात, हे इथे सगळ्यात आधी शिकवतात. चारला सिग्नल थोडा वरखाली होत होता पण काम झालं. सूर्य मावळला सव्वापाचच्या सुमारास.

सहाला आम्ही हाक मारली, उत्तर नाही. परत मारली, नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, फक्त खरखर आणि त्यात मागे कुठेतरी टेक्सासवाले गप्पा मारताहेत. पहिला संशय अर्थात त्यांच्यावर, की यांची बॅटरी गेली असणार किंवा तार पडली असणार. दुसरा संशय आमच्या केबलवर, कारण थंडीत केबलचं वरचं आवरण कडक होतं आणि कनेक्टरपाशी ताण येतो. पण कॉन्टेस्टवाल्या पोराने शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर जाऊन एक हाक दिली आणि रांग लागली, ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, एका मागोमाग एक. म्हणजे अँटेना ठीक, रेडिओ ठीक. तो खूष. काका मात्र तंबूच्या दारात उभे राहून आकाशाकडे बघत होते, आणि सांगलीच्या पोरीने हळूच विचारलं, "ताई, एक व्हॉट्सॲप टाकू का त्यांना? नुसतं विचारते, चालू आहात का म्हणून."

"अगं मोबाइल नाही असं धरून चाललोय ना आपण."

"हो, पण खरंच काही झालं असेल तर?"

प्रश्न रास्त होता. त्यावर नियम असा ठरलेला होता की दोन निरोप लागोपाठ हुकले तर सुरक्षेसाठी फोन करायचा, तोवर नाही. म्हणजे आठपर्यंतचा वेळ हातात.

इथे जरा थांबून आकाशात काय झालं ते सांगते, कारण सगळ्या प्रकरणाची मेख तिथे आहे. एचएफची लहर जमिनीवरून सरपटत फार तर तीस-चाळीस किलोमीटर नीट जाते, तीही जमीन चांगली ओली असेल तर, गोठलेल्या जमिनीवर आणखी कमी. त्यापुढे पोचायचं तर आकाशातून, म्हणजे वर अडीचशे-तीनशे किलोमीटरवर हवेचा जो विद्युतभारित थर असतो त्याच्यावरून परतून. आता नव्वद किलोमीटरवरच्या माणसापर्यंत पोचायचं तर लहर जवळजवळ सरळ वर जाऊन सरळ खाली यायला लागते, ऐंशी अंशांपेक्षाही उभा कोन होतो तो. आणि उभी गेलेली लहर परत पाठवायला तो थर दाट असावा लागतो. किती दाट, तर त्याची मोजणी फ्रिक्वेन्सीत करतात, सरळ वर सोडलेली जास्तीत जास्त किती मेगाहर्ट्झची लहर परत येते ती क्रिटिकल फ्रिक्वेन्सी. तिच्यापेक्षा वरची लहर उभी गेली तर थर फोडून अवकाशात निघून जाते. तिरपी गेली तर मात्र परत येते, पण लांब, शेकडो-हजारो किलोमीटरवर.

दिवसा सूर्य हा थर भरत असतो. मिनेसोटात हिवाळ्यातल्या दुपारी ही क्रिटिकल फ्रिक्वेन्सी सात मेगाहर्ट्झच्या बरीच वर असू शकते, तशी ती होतीही, म्हणून दोन आणि चार वाजता चाळीस मीटर बँड जवळच्यासाठी उत्तम चालला. सूर्य गेला की थर विरळ होत जातो आणि हिवाळ्याची रात्र इथे चौदा तासांहून लांब, भरून काढायला कोणी नाही, त्यामुळे क्रिटिकल फ्रिक्वेन्सी संध्याकाळीच सात मेगाहर्ट्झच्या खाली घसरली. झालं, त्या क्षणापासून आमच्याभोवती शेकडो किलोमीटरचा एक बहिरा पट्टा तयार झाला, त्याच्या आत कोणाला आम्ही ऐकू येत नव्हतो आणि बाहेरचे सगळे आम्हाला ऐकत होते. म्हणजे कॉन्टेस्टवाल्या पोराचे पॉइंट वाढायला लागले आणि सेंट क्लाउड गायब झालं ही एकाच गोष्टीची दोन टोकं होती.

हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. तरी ते तिथे कोणाच्या पटकन लक्षात आलं नाही, आणि माझ्या बाबतीत तर कारण सरळ आहे, मी पुण्यात शिकले. महाराष्ट्र विषुववृत्ताच्या मानाने बराच जवळ, आपल्या डोक्यावरचा थर दिवसा तुफान दाट असतो आणि संध्याकाळीसुद्धा तो लगेच विरत नाही. त्यामुळे "जवळ बोलायचंय, चाळीस मीटर लाव" हे डोक्यात इतकं पक्कं बसतं की त्याला वेळकाळ असतो हेच विसरायला होतं. पंचेचाळीस अक्षांशावर जानेवारीत तो नियम दुपारपुरता.

उपाय अर्थात ऐंशी मीटर बँडवर, म्हणजे ३.९ मेगाहर्ट्झच्या आसपास उतरणं. पण दोन अडचणी. एक, त्या बँडची तार लावलेलीच नव्हती, दुपारी ऊन असताना कोणाला गरज वाटली नाही. चाळीसच्या डायपोलवरच ऐंशी वाजवून बघितलं, रेडिओच्या आतला ट्यूनर (अँटेना फ्रिक्वेन्सीशी जुळवून घेणारा भाग) काही वेळ टकटक करत राहिला आणि त्याने हात वर केले, त्याची झेप तेवढी नसतेच. दुसरी अडचण जास्त मजेशीर होती, की समजा आम्ही लावली तार आणि गेलो ३.९ वर, तरी सेंट क्लाउडवाल्यांना कसं कळणार की आम्ही तिथे आहोत? पर्यायी फ्रिक्वेन्सी कागदावर कुठे लिहिलेलीच नव्हती. ज्या माणसाशी बोलता येत नाही त्याच्याशी बोलायची नवी जागा कशी ठरवायची?

इथे काकांनी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी त्या पोराला सांगितलं की आता पॉइंटची हाक बंद कर आणि लांबचा, मोठा, दणकट सिग्नल शोध, ज्याचा ऑपरेटर घाईत नाही असा. सापडला एक टेनेसीमधला, घरून चालवणारा, मोठ्या अँटेनावाला. काकांनी माइक घेतला, दोन वाक्यांत परिस्थिती सांगितली आणि विचारलं की ७.२४० वर जरा ऐकाल का, तिथे आमचं दुसरं स्टेशन हाका मारतंय का. तो गेला, ऐकलं आणि परत आला तो हसतच. म्हणाला, ते तिकडे तुमच्याच नावाने ओरडताहेत, मला दोघंही मस्त ऐकू येताय.

बघा म्हणजे. आमच्यापासून तो हजाराहून जास्त किलोमीटरवर, सेंट क्लाउडपासूनही तेवढाच, आणि आम्हा दोघांमध्ये नव्वद.

मग निरोप गेला, टेनेसीमार्गे: आठ वाजता ३.९१०, नाही लागलं तर सव्वाआठला पुन्हा इथेच टेनेसीवाल्यांकडे. त्याने तो सेंट क्लाउडला वाचून दाखवला, त्यांच्याकडून परत म्हणवून घेतला आणि आम्हाला येऊन सांगितलं की पोचला, तेही तार लावायला निघाले. काकांनी पंचवीस शब्दांचा मूळ निरोप मात्र त्याच्यामार्फत पाठवला नाही. तेवढ्यापुरतं जे लागतं तेच द्यायचं, वेळ आणि फ्रिक्वेन्सी, बाकी ओझं तिसऱ्या माणसावर टाकायचं नाही, जितकी तोंडं जास्त तितकी चुकीची शक्यता जास्त. रेडिओ रिले लीग १९१४ साली निघाली ती मुळात असल्याच कामासाठी, तेव्हाचे सेट लांब पोचत नसत म्हणून एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. फरक इतकाच की तेव्हा लांब पोचायला मधला माणूस लागायचा, आम्हाला जवळ पोचायला लांबचा लागला.

आता तार. ३.९ मेगाहर्ट्झचा डायपोल म्हणजे सदतीस मीटरच्या आसपास वायर, आणि बाहेर उणे एकोणीस, वर वारा. ताशी पंचवीस किलोमीटरचा वारा असला की उणे एकोणीस अंगाला उणे तिसासारखं लागतं आणि उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत हिमदंशाला लागते, त्यामुळे हातमोजे काढून काम करायचं तर माणसं आळीपाळीने. बरी गोष्ट एकच, या तारेला उंची नको होती. उलट खाली लावलेला डायपोल सरळ वर फेकतो आणि आम्हाला हवं होतं तेच, उभी लहर. साडेतीन-चार मीटर पुरे. थोडा सिग्नल जमिनीत मुरतो, मुरू दे. म्हणजे अंधारात झाडावर दोरी फेकण्याचा खेळ वाचला.

पण खांब रोवायचे कुठे? जमीन दगड झालेली, तंबूचे खिळे दुपारीच वाकले होते. त्यावर काकांची युक्ती अस्सल मिनेसोटाची होती. इथे हिवाळ्यात लोक गोठलेल्या सरोवरावर बसून मासे धरतात, बर्फाला भोक पाडायचं मोठं स्क्रूसारखं ऑगर निम्म्या लोकांच्या गाडीत असतं. सरोवराचा बर्फ आधीच मोजलेला होता (माणसाने चालायला निदान दहा सेंटिमीटर चांगला बर्फ हवा असं राज्याचं खातं सांगतं, आमच्याकडे त्याच्या कितीतरी पट होता). त्यात आरपार नाही तर अर्धवट भोक पाडलं, खांब उभा केला, थर्मासमधलं उरलंसुरलं पाणी आणि काठावरचा बर्फ असा गाळ आत भरला आणि हाताने धरून उभे राहिलो. काही वेळाने सोडला तर खांब हलेना. सिमेंट काय धरेल असा. असे तीन खांब, मधल्यावर केबल, दोन्ही बाजूंना तार. चिकटपट्टी मात्र थंडीत चिकटत नाही, रोल आधी जॅकेटच्या आत बगलेत धरून गरम करायचा आणि मग भराभर गुंडाळायचं, नाहीतर कनेक्टरमध्ये बर्फ जाऊन बसतो. सांगलीच्या पोरीने दोन रोल दोन बगलांत धरले होते आणि हात हलवता येत नसल्याने ती पेंग्विनसारखी चालत होती, त्याचे फोटो क्लबच्या ग्रुपवर अजून फिरतात.

आठला पाच कमी असताना तार रेडिओला लागली. आठला हाक. पहिल्याच हाकेला सेंट क्लाउड, असं जोरात की तंबूत सगळे एकदम ओरडले आणि काकांनी तोंडावर बोट ठेवलं, कारण निरोप घ्यायचा होता.

निरोप घ्यायची पद्धतही सांगण्यासारखी आहे. रेडिओग्राम नावाचा ठरलेला नमुना असतो, वर क्रमांक, तातडीचा दर्जा, मूळ स्टेशन, शब्दसंख्या, ठिकाण, वेळ, तारीख आणि मग मजकूर. ती शब्दसंख्या सगळ्यात उपयोगाची. घेणारा शेवटी शब्द मोजतो आणि आकडा जुळला नाही तर तिथल्या तिथे विचारतो. त्या रात्री मजकूर असा होता की शाळेतल्या निवाऱ्यात अमुक इतकी ब्लँकेट कमी आहेत, हीटरचं इंधन सकाळपर्यंत पुरेल वगैरे. आकडा चाळीस होता. इंग्रजीत फॉर्टी आणि फोर्टीन खरखरीत सारखंच ऐकू येतं आणि सव्वीस माणसं ब्लँकेटशिवाय राहतात, म्हणून आकडा सुटा वाचायचा, फोर, झिरो. सांगलीच्या पोरीने तो घेतला, शब्द मोजले, एक कमी आला, न लाजता परत विचारला. माझ्या मते त्या अख्ख्या वीकेंडमधलं सगळ्यात चांगलं ऑपरेटिंग तेच होतं, आणि त्याला फील्ड डेचा एकही पॉइंट नाही.

दहा, बारा, दोन, सगळे निरोप वेळेवर. मधल्या वेळात चाळीस मीटरवर पॉइंटचं काम जोरात. यावरून दोनच्या सुमारास थोडी वादावादी झाली, कारण बॅटरीचा आकडा अपेक्षेपेक्षा वेगाने उतरत होता. शंभर वॅटचा रेडिओ ऐकताना एक अँपिअरच्या आसपास खातो आणि बोलताना वीसच्या जवळ जातो, म्हणजे खर्च सगळा बोलण्याचा, आणि कॉन्टेस्टमध्ये माणूस सतत बोलतो. वर थंडीत बॅटरी आपली सगळी ताकद देतही नाही. काकांचं म्हणणं, चारपासून पॉइंट बंद, उरलेली बॅटरी निरोपांसाठी. पोराचं म्हणणं, पहाटे ऐंशी मीटर रिकामा असतो, तेव्हाच तर पश्चिमेकडची स्टेशनं मिळतात, आणि सकाळी सोलर पॅनेल आहेच की. दोघांचंही खरं होतं. काकांनी आवाज न चढवता एवढंच विचारलं की सकाळी ऊन आलं नाही तर? पोराने हेडफोन काढून ठेवला.

आणि बरंच झालं, कारण पहाट सगळ्यात वाईट निघाली. चारचा निरोप कसाबसा गेला. सहाला सेंट क्लाउड खरखरीत बुडालेलं, आवाज आहे हे कळतं, शब्द कळत नाहीत. सूर्य उगवायला इथे पावणेआठ होतात आणि उगवायच्या आधीचा तास-दीड तास तो वरचा थर रात्रभरातला सगळ्यात विरळ असतो. क्रिटिकल फ्रिक्वेन्सी आता ३.९ च्याही खाली गेली होती, म्हणजे संध्याकाळी चाळीस मीटरचं जे झालं तेच आता ऐंशीचं. खरा उपाय आणखी खाली, एकशेसाठ मीटर बँड, पण त्याची तार पंच्याहत्तर मीटरच्या घरात.

या वेळी मात्र पुढची पायरी कागदावर होती, आठ वाजताच दोन्हीकडे लिहून घेतली होती, ३.५४० वर मोर्स. बँडच्या खालच्या टोकाला गेलं की थराकडून थोडी तरी सूट मिळते, आणि मोर्सला बोलण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी रुंदी पुरते, तेवढा कमी कचरा कानात येतो. काकांनी मोर्सचे ठिपके-रेघा पाडणारं इलेक्ट्रॉनिक पॅडल बाजूला सारून जुनी वरखाली दाबायची पितळी कळ काढली. पॅडलला दोन बोटांचा नाजूक खेळ लागतो आणि बोटं बधिर झाली की ठिपके जास्त पडतात, ही कळ मनगटाने चालते, हातमोज्यासकट. निरोप अगदी संथ गेला, काही शब्द तीनदा. पण गेला, आणि शब्दसंख्या जुळली.

आठ वाजता ऊन आलं आणि ऐंशी मीटर आपोआप जागा झाला. नऊनंतर चाळीससुद्धा.

ऊन आलं पण सोलर पॅनेल काही चार्ज करेना, हा शेवटचा हिसका. पॅनेलवर व्होल्टेज भरपूर, थंडीत उलट ते जास्तच मिळतं, आणि कंट्रोलरवर अँपिअर शून्य. वायरी तपासल्या, फ्यूज तपासला. कारण बॅटरीच्या पोटात होतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी उणे वीसपर्यंत वीज देते, पण शून्याखाली वीज घेत नाही, घ्यायला लावली तर आत ॲनोडवर लिथियमचा धातू साचतो आणि बॅटरी कायमची खराब होते. म्हणून तिच्या आतलं सर्किट चार्जिंगच तोडतं. रात्रभर तंबूच्या जमिनीवर, म्हणजे बर्फावर, बसलेली ती बॅटरी आतून शून्याच्या बरीच खाली. मग तिला सोडा-बिअर गार ठेवायच्या मोठ्या आइसबॉक्समध्ये घातलं, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या पिशव्या, वरून ब्लँकेट. गार ठेवणारा डबा ऊबही तितकीच धरून ठेवतो. दुपारकडे कंट्रोलरवर आकडा दिसायला लागला, तोवर सराव संपत आला होता. पहाटे पॉइंट चालू ठेवले असते तर सहाचा मोर्स निरोप बॅटरीअभावी हुकला असता का? हिशोब मांडून बघितला तर अगदी काठावर आलं असतं.

यानंतर क्लबमध्ये बसून जे ठरलं त्यातलं महत्त्वाचं असं. पहिली तार ऐंशी मीटरची, बुटकी, दिवसाउजेडी, चाळीसची उंच तार नंतर. निरोपाच्या कागदावर नुसती वेळ नाही तर तासागणिक फ्रिक्वेन्सी, दिवसा ७.२४०, सूर्यास्ताच्या आधीपासूनच ३.९१०, पहाटे ३.५४० मोर्स, आणि पाच मिनिटांत नाही लागलं तर पुढच्या ओळीवर जायचं, वाट बघत बसायचं नाही. तेही नाही लागलं तर लांबचा रिले. बॅटरी पहिल्या मिनिटापासून आइसबॉक्समध्ये, जमिनीवर कधीच नाही. आणि पॉइंटसाठी वेगळा रेडिओ, वेगळी बॅटरी, ही मागणी कॉन्टेस्टवाल्या पोराचीच, आणि मला ती पटते, कारण पॉइंटची हौस नसती तर उणे एकोणीसमध्ये रात्रभर जागायला निम्मी माणसं आलीच नसती. पण स्पर्धेचे नियम संपर्कांची संख्या मोजतात, आणि आपत्तीत लागतो तो एकच, ठरलेला, शेजारच्या तालुक्यातला संपर्क. दोन्ही एका रेडिओवर बसवले की कोण कोणाला खातं ते दिसलंच.

आपल्याकडच्या मंडळींसाठी एक. सह्याद्रीत व्हीएचएफ डोंगराआड मरतं, तेव्हा पुण्याहून कोकणात किंवा साताऱ्याहून महाबळेश्वरापलीकडे बोलायला हीच उभी लहर कामाची, आणि बुटक्या तारेवर ती डोंगर मोजत नाही. आपल्या अक्षांशावर चाळीस मीटर उशिरापर्यंत साथ देतो हे खरं, पण तो पहाटेपर्यंत देईलच असं धरू नका. डिसेंबर-जानेवारीत रात्री अकरा ते सकाळी सात दर तासाला शंभरेक किलोमीटरवरच्या मित्राला चाळीस आणि ऐंशी दोन्हीवर हाक मारून वहीत लिहा, कोण कधी गायब होतं ते. फार खर्च नाही, झोप तेवढी जाते.

एकशेसाठ मीटरची तार हा विषय आमच्याकडे अजून लोंबकळतोय. पंच्याहत्तर मीटर वायर, पाच-सहा खांब आणि बर्फात तेवढी भोकं, शिवाय रविवारी ते खांब परत उपटायचे. या वेळचे तीनच काढताना चहाची अख्खी किटली उकळतं पाणी प्रत्येकाच्या बुडाशी ओतावं लागलं होतं. काका म्हणतात आणू. पोरगा म्हणतो, त्या बँडला पॉइंट आहेत ना, मग आणू.